झाकणावरची होडी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एका मेलेल्या शिपायाच्या घड्याळाचं पाठीचं झाकण चिंच आणि विटेची पूड लावून घासलं. नवी सून होते. घरातली कुठलीही काळी वस्तू म्हणजे माझ्यावरचा ठपका, अशी माझी समजूत. समई, ताम्हण घासून झालं, तेवढ्यात मामंजींच्या कामाच्या पाटावर, तेलाच्या वाटीत, ते रुपयाएवढं काळंकुट्ट झाकण दिसलं. म्हटलं, पुरुषांना सणालासुद्धा हत्यारं घासता येत नाहीत.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पनवेलच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या ओटीवरच दुकान. लढाई नुकतीच संपलेली, त्यामुळे फौजेतली मनगटी घड्याळं जिकडेतिकडे विकायला येत. खऱ्या फौजी घड्याळाच्या पाठीवर इंग्रज सरकारचा बाण कोरलेला असतो, पट्ट्याच्या दांड्या पक्क्या सांधलेल्या असतात. एवढं मी ऐकून ऐकून शिकले होते आणि आल्यागेल्याला ऐकवत होते. जाणकारच की मी.

हे घड्याळ उरणकडच्या मिठागरातल्या एका बाईने आणलं होतं. मुलगा लढाईत मारला गेल्याची तार आली, मागून त्याच्या सामानाचं गाठोडं आलं, त्यात हे. गंजलेलं, बंद. ते चालावं असं तिचं काही म्हणणं नव्हतं. शेवटच्या रजेवर मुलाने तिच्यासमोर बसून दाभणाने झाकणावर एक होडी कोरली होती. गाठोडी बदलतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. होडी निघाली तर घड्याळ त्याचं. नाही निघाली तर दुसऱ्या कुणाचं, आणि मुलगा अजून कुठेतरी जिवंत आहे. म्हणून मामंजी तो गंज तेलात मऊ करून लाकडाच्या काडीने थोडा थोडा काढत होते. ती हे सांगत होती तेव्हा मी आत आरशासमोर कुंकू सारखं करत होते. मला नंतर कळलं.

त्यांचं ते काम मी एका दमात उरकलं. घासताना बाणाखाली दोन-तीन बारीक रेघा दिसल्या. डाग समजून तिथे जास्त जोर दिला.

मामंजी ओरडले नाहीत. डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बाण राहिलाय. तो खोल असतो." आणि जेवायला उठले. मी वाढलं. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. भात मात्र मी रोजच्याएवढाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या पूजेत ते झाकण सगळ्यात उठून दिसत होतं.

दसरा झाल्यावर बाई आली. घड्याळ चालू झालं होतं. तिने काट्यांकडे बघितलंही नाही, उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला.

"सुनेने घासलं," मामंजी म्हणाले. "खूण असली तरी गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. "घासताना होरी दिसली का गं, बाय?" होडीला ती होरी म्हणायची.

"रेघा होत्या. कसल्या ते नाही बघितलं."

तिने घड्याळ परत पाटावर ठेवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "मंग ती होरी नव्हती. माजा पोऱ्या नुसत्या रेघा मारनारा नाय. ऱ्हाऊ दे हितंच. ज्याचं असंल तो येल न्यायला."