वारशाच्या घराला ठिबक

"मॅडम, सही करा. बाकी सगळं भरून आणलंय," वॉर्डाचे इंजिनिअर म्हणाले. फॉर्मवर एकच जागा रिकामी होती, स्ट्रक्चरल इंजिनिअरची, म्हणजे माझी. मी सही केली की अकोल्याच्या जुन्या शहरातलं भाऊसाहेबांचं दुमजली घर 'धोकादायक' ठरणार आणि वारसा यादीत असूनही पाडलं जाणार.

भाऊसाहेब बाजूलाच उभे होते. सत्तरीचे, संत्र्याची बाग राखणारे. त्यांचे पणजोबा कापसाचे बडे दलाल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनीच हे घर बांधलं. घर गेलं की यांना पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये जावं लागणार. "तिथं लिफ्टमधी कोनी बोलत नाई," एवढंच ते म्हणाले.

दर्शनी भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. इंजिनिअर खोटं बोलत नव्हते. पण माझी सही कोणी गृहीत धरली की माझं डोकं फिरतं. मी तपासणीला महिना मागितला. कुरकुरत का होईना, त्यांनी दिला.

भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली. भिंत हलत असेल तर काच तुटते. आम्ही तिला टेल-टेल म्हणतो. आठ दिवसांत ती तुटली. शिवाय भेग वर रुंद, खाली बारीक होती. म्हणजे पाया मधोमध वर उचलला जात होता. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, हे वऱ्हाडात कोणालाही माहीत आहे. पण मे महिन्यात पाणी आलं कुठून?

नळाची लाइन तपासली, गटार तपासलं. सगळं कोरडं. शेवटी वैतागून भिंतीलगतच्या मोगऱ्याच्या वाफ्यात हात घातला, तर चिखल. त्यात काळी नळी हाताला लागली.

"भाऊसाहेब, इथं ठिबक काहून लावलं?"

"घर यादीत आलं न मॅडम. लोकं पाहाले येतीन, दारापाशी दगडं बरे दिसत नाईत, म्हनून काढले. ठिबक बागेतलं उरलं होतं. रोज सकाऊन दोन तास सोडतो."

करायला गेले गणपती, झाला मारुती! ते दगड म्हणजे भिंतीलगतची तीन फूट फरसबंदी, बाहेर उतार दिलेली. पायाशी पाणी मुरू नये म्हणून पणजोबांनी मुद्दाम घातलेली. मी तोंडाला येईल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले, तेव्हा मला वाईटही वाटलं.

नशिबाने दगड मागच्या अंगणात रचून ठेवलेले होते. ठिबक त्याच दिवशी निघालं. मोगरा त्यांनी स्वतः खणून बागेत नेला. माती सुकू दिली, मग मुरमावर दगड पुन्हा उतारात बसवले आणि भेगेवर नवी काच लावली. महिन्याची मुदत संपली तेव्हा ती शाबूत होती. इंजिनिअरांनी ती स्वतः पाहिली आणि पावसाळाभर थांबायला राजी झाले. दिवाळीलाही काच तशीच. भेग चुन्याने भरली आणि मी रिपोर्ट दिला: घर राहण्यायोग्य.

त्या दिवशी भाऊसाहेबांनी विचारलं, "आता घरासाठी काय करू, मॅडम?"

"काही करू नका."

"हे लय अवघड काम सांगतलं तुमी," ते म्हणाले.

खरंच अवघड आहे. आधीच्या माणसाने एखादी गोष्ट का केली हे कळेपर्यंत आपले हात आवरायचे. माझ्या धंद्यात अर्धी कामं ज्यांना हे जमलं नाही त्यांच्याकडूनच येतात.