अप्पांच्या गळ्याचं बटण

माझ्या लेकीचं लग्न तोंडावर आलं आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, आरशासमोर कोसळले. चार दिवसांनी पुन्हा तेच.

आमच्या बुऱ्हाणपुरात मांडवाच्या दारात व्याहीभेट होते. दोन्हीकडचे आजोबा मिठी मारतात आणि एकमेकांना उचलून दाखवतात. अप्पांना ती भेट घ्यायचीच होती, तीही माझ्या लग्नातला गळाबंद कोट घालून. त्याचं कापड आईने निवडलेलं होतं, आणि आई आता नाही. कोट होता तेवढाच राहिला, अप्पांची मान मात्र चांगली भरली होती. रोज तो चढवून ते आरशात वळून वळून बघत.

मी जाहीर केलं, अप्पा खुर्चीत बसतील, भेट काका घेतील. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मला रागही आला आणि रडूही.

डॉक्टरकडे जायचं तर ठेवणीतले कपडे घालून, हा अप्पांचा नियम. म्हणून तिथेही कोटच. तपासायला तो उतरवला. बीपी, ईसीजी, सगळं छान. अप्पांनी कोट पुन्हा चढवला, वरचं बटण ओढून लावलं आणि ऐटीत माझ्याकडे मान वळवली.

"देख बेटा, काही निघालं का? फालतूमध्ये घाबर..."

डोळे फिरले. डॉक्टरीणबाईंनी धरून आडवं केलं, बटण सोडलं. क्षणात शुद्ध आली.

"...घाबरतेस तू," अप्पांनी वाक्य पुरं केलं.

बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "मानेतल्या रक्तवाहिनीत पहारेकरी असतात. रक्ताचा दाब वाढून ती ताणली, की ते मेंदूला कळवतात. मग मेंदू हृदयाला सावकाश चालायला सांगतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. इथे दाब वाढलाच नव्हता, कॉलरने मान आवळली होती. मेंदूने खोट्या खबरेवर भरवसा ठेवला, दाब खाली आला आणि बाबांना चक्कर."

नंतर उघड्या गळ्याने अप्पा एकदाही पडले नाहीत. पण रुसले. "बटण खोलून समधीला भेटू? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या की!"

तरीही लग्नाच्या दिवशी माझा जीव टांगणीला होता. नवऱ्या मुलाचे आजोबा खकनारहून आलेले, धिप्पाड, कॉलर हनुवटीपर्यंत घट्ट. अप्पा पुढे झाले आणि मिठीआधी त्यांनी व्याह्यांच्याच गळ्याला हात घातला. सनईवालाही थांबला.

"आधी हे खोलो, समधीजी. दिमागाला खोटी खबर जाते."

बटण सुटलं. मग अप्पांनी व्याह्यांना कमरेत धरलं आणि चक्क वीतभर उचललं. असा जल्लोष झाला की विचारू नका.

त्या क्षणाचा फोटो भिंतीवर आहे. दोन म्हातारे, दोघांचे गळे उघडे. मागे मी दिसते, रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी धरलेली, तोंडभर हसत.