प्लग माझ्या हातात होता

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे बाबा वीज खात्यात लाइनमन होते. आमच्या घरी कुठे विचित्र आवाज झाला तर कोणी रामनाम घेत नसे, आधी फ्यूज बघत. तरी एक गोष्ट मला आजपर्यंत उलगडलेली नाही... आणि ती भर दुपारी घडली.

मध्य प्रदेशातलं बालाघाट, २००३ चा मे महिना. बाबांना लकवा मारून सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं ऐकवत राहा, कधीकधी शब्द परत येतात. आईने ते 'कधीकधी' घट्ट धरून ठेवलं होतं. बाबांना भजनं आवडत, म्हणून मी माझा असेंबल केलेला कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडला आणि स्पीकर घ्यायला गोंदियाला गेलो.

दुकानदाराने आधी प्लास्टिकचे दाखवले. डब्यावर वॅटचा आकडा असा, की इकडे लावले तर पार तिकडे लांजी गावात ऐकू जावं! वाजवून पाहिले तर पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखा आवाज. मग लाकडी पेटीचे घेतले, आतच अॅम्प्लिफायर असलेले. जड स्पीकर चांगला, एवढाच माझा अभ्यास. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो.

घरी लावले तर... घूँऽऽऽ. भजनाच्या मागे सतत तीच घरघर. केबल बदलली. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावले. मॉनिटर लांब सरकवला. शेवटी कॉम्प्युटरची वायर काढून वॉकमनला जोडली, तर घरघर गप्प. म्हणजे स्पीकर ठीक होते, घोळ कॉम्प्युटरकडून येत होता. माझा मित्र राजेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "अर्थिंग से आ रहा है. वायर ही निकाल दे, यहाँ सब यही करते हैं." खरंच, सगळे तेच करायचे.

घराचं अर्थिंग बाबांनी स्वतः केलं होतं. अंगणात खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळाभर रोज एक बादली पाणी. ते अंथरुणाला खिळल्यापासून त्या खड्ड्यात कोणी थेंबभर पाणी टाकलं नव्हतं. लाइनमनचं घर आणि दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मेन बोर्ड बाबांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगासमोर होता. मेन बंद केला, घराच्या अर्थिंगची तार खड्ड्याकडे जाणाऱ्या तारेपासून सोडवली, मेन चालू केला. घरघर गायब! मी एकदम खूश. एवढ्यात मागून बाबा "अं... अं..." करू लागले. चालता डावा हात उचलून काहीतरी दाखवत होते. मला वाटलं, पाणी पाहिजे. चमच्याने पाजायला गेलो तर तोंड फिरवलं. उन्हामुळे चिडले असतील म्हटलं आणि परत माझ्या कामाला लागलो. लाज वाटते आता.

टेबलामागे वायरींचा नुसता गुंता झाला होता. तो सोडवायला मी भजन थांबवलं, स्पीकरचा प्लग उपसला आणि तो हातात धरून टेबलाखाली बसलो. आणि डोक्यावरच्या डाव्या स्पीकरमधून आवाज आला—

"वायर लाव, सुनील."

आवाज बाबांचा होता, लकव्याच्या आधीचा, जरा घोगरा. मी वाकून पलंगाकडे पाहिलं. बाबांचं तोंड मिटलेलं होतं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी विचार केला नाही. बाबांनी सांगायचं आणि मी करायचं, ही लहानपणापासूनची सवय. उठून बोर्डाकडे गेलो. सुट्या तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, हेही त्यांचंच शिकवणं. टेस्टर लावला, तर पेटला! अर्थिंगच्या तारेत करंट? मी झटकन मेन पाडला.

तेवढ्यात आई अंगणातून धावत आत आली. पाय अनवाणी, हात ओले, पण चेहरा असा फुललेला की काय सांगू. "बोलले न? तुझे बाबा बोलले न रे? मले म्हणे, 'अवो, थांब'. मी भरली बादली तिथंच ठेवून आली!"

बादली कूलरजवळ होती. खिडकीला बाहेरून लावलेल्या त्या लोखंडी कूलरमध्ये आई रोज दुपारी पाणी भरायची.

संध्याकाळी बाबांच्या ओळखीचे एक वायरमन आले. कूलरच्या मोटरची वायर घासून पत्र्याला टेकली होती. आई चहा ठेवायला गेल्यावर ते हळूच म्हणाले, "यही करंट तेरे अर्थिंग में जा रहा था, स्पीकर इसीलिए घूँ-घूँ करते थे. तूने वो रास्ता भी बंद कर दिया. भाभीजी हाथ लगातीं तो..."

तुम्ही म्हणाल, स्पीकर कधीकधी रेडिओ पकडतात. पकडतात, मलाही ठाऊक आहे. पण कोणतं स्टेशन माझं नाव घेईल? बाबांचा आवाज आमच्याकडे कशातच टेप केलेला नव्हता. आणि मी जे ऐकलं ते आईने ऐकलंच नाही, तिने दुसरंच ऐकलं. कितीही डोकं चालवलं तरी मला याचा ठाव लागत नाही.

त्या दिवशी आई अंधार पडेपर्यंत बाबांचा हात धरून बसली होती. "अजून एक डाव बोला न... काहून बोलत नाही?" बाबा तिच्याकडे नुसते बघत राहिले. नंतर ते दीड वर्ष होते, पण एक शब्दही बोलले नाहीत.

आई अजूनही आल्यागेल्याला सांगते, "ते एकदा बोलले होते, माझ्यासाठी बोलले होते." मी मान हलवून 'हौ' म्हणतो. आवाज स्पीकरमधून आला, हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि तार कोणी काढली, तेही नाही. ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनाही सांगता आलं नाही.