मागचा डावा कोपरा

सांगावं की सांगू नये, असं अजून मनात चाललंय. पण चहा ओतलाच आहे, तर ऐकाच. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेला माणूस किती गाढव असू शकतो, याचा पुरावा तुमच्यासमोर बसलाय!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याच्या कॉलेजात शिकवत होतो, घर सिंदी मेघेत. दारात जुनी मोटार. तिची मागची बाजू खाली बसलेली, त्यातही डावा कोपरा जास्तच. खड्डा आला की चाक मडगार्डला घासायचं. आजारी सासूबाईंना बघायला दर रविवारी कारंजाला जायचं. वाटेत स्प्रिंगचा पाटा तुटला तर?

मी फूटपट्टी घेतली. रोज सकाळी उकिडवा बसून चारही चाकांवरची उंची वहीत लिहिली. महिनाभर! मग निष्कर्ष काढला. काढला तो काढला, बायकोला सांगितलासुद्धा!

"सुमन, तू नेहमी मागे डावीकडे बसतेस. जरा उजवीकडे बसशील?"

"काऊन?"

"तो कोपरा दबलाय."

"म्हणजे गाडी माह्याच्यानं वाकडी झाली? मले जाडी म्हणून राह्यले का तुमी?"

"तसं नाही गं, हे शास्त्र आहे..."

"असू द्या तुमचं शास्त्र. मी एसटीनं जातो."

गेली हो! तीन महिने एसटीनं. कधी कधी तर उभ्यानं. मागोमाग मी, रिकामी गाडी घेऊन. आणि कोपरा तसाच दबलेला! कोणाही शहाण्याला इथे शंका आली असती. मी मात्र सुमनलाच समजावलं, "फार दिवस भार सोसला की स्प्रिंग पूर्ववत होत नाही." तेही जेवताना! तिनं ताटातली भाकर उचलून परत टोपल्यात ठेवली. ते अजून दिसतं मला.

शेवटी देवराव मिस्त्रींना घरी बोलावलं. ट्रकांच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हात बसलेला माणूस. ते गाडीखाली वाकले, उठले, आणि सरळ डिकी उघडून आतलं गोणपाट ओढलं.

"सर, हे का भरून ठेवलं जी?"

पुस्तकं! माझंच पुस्तक! न खपलेल्या दोनशे प्रती प्रकाशकानं परत पाठवल्या होत्या. सुमनला कळू नये म्हणून मीच त्या डिकीत डाव्या बाजूला रचल्या होत्या. आणि लाजेनं असा विसरलो, की महिनाभर चाकं मोजली, डिकी एकदाही उघडली नाही.

देवरावांनी एका प्रतीवरची धूळ झटकली. "कायचं बुक हाये?"

सुमन दारातच उभी होती. खोटं तरी कसं बोलणार?

"स्प्रिंगवर... फार दिवस ओझं ठेवलं तर काय होतं, त्याचं."

"तुमीच लिवलं?"

"हो."

"मंग एकडाव वाचून तरी घ्याचं होतं जी!"

पाटे नवे टाकले, गाडी सरळ झाली. सुमनही पुन्हा गाडीतून यायला लागली. पण पुढे गाडी विकेपर्यंत, मागचं दार उघडलं की एक पाय बाहेरच ठेवून ती आधी विचारायची,

"बसू का जी? का आज बुकं न्याचे हायेत?"