करंजतेल आणि एक खरे वाक्य

श्यामकांत मोकाशी अंबरनाथच्या शिवमंदिर भागात वाढला आणि जवळच्याच एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली: डिझेलचे इंजिन झाडाच्या तेलावरही चालू शकते. बारवी धरणाच्या बाजूला करंज भरपूर. ठाकरवाडीतल्या बाया उन्हाळ्यात करंजाच्या बिया वेचत आणि उल्हासनगरच्या साबणवाल्यांना विकत. हेच तेल वाडीखालच्या भातगिरणीच्या इंजिनाला का देऊ नये, असा त्याचा प्रश्न होता.

करंजतेल घट्ट असते. इंजिनात इंधनाचा बारीक फवारा उडावा लागतो. घट्ट तेलाचा तो नीट उडत नाही, तेल अर्धवट जळते आणि नोझलवर काजळी धरते. म्हणून तेल कोमट करून त्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेले मिथेनॉल घालायचे. ग्लिसरीन सुटे होऊन तळाशी बसते, वर पातळ पिवळा द्रव उरतो. हा द्रव पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, म्हणजे त्यात राहिलेला सोडा आणि साबण निघून जातो. मग तापवून पाणी उडवायचे. अशा इंधनाला अलीकडे बायोडिझेल म्हणू लागले आहेत. श्यामकांत त्याला 'धुतलेले तेल' म्हणे.

"माझं इंजिन बसलं, तर तू काय उखळात भात कांडून देणार लोकांना?" गिरणीमालक शंकररावांनी विचारले होते. तरीही ते तयार झाले. वाडीतल्या नवसीने बाया जमवल्या. त्या बिया कातळावर वाळवून आणून देत. घाण्यावर तेल काढून श्यामकांत त्याचे इंधन करी. पहिला हंगाम निर्वेध गेला. इंजिनाच्या धुराला तळणाचा वास येई आणि भात घेऊन आलेले लोक विचारत, "शेठ, भजी कुठं तळताय?"

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गिरणीवर गर्दी उसळली आणि तयार इंधन संपले. शंकररावांनी घाई लावली. धुण्याला आणि निवळण्याला वेळ हवा होता. श्यामकांतने तो वाचवला. एकदा न धुतल्याने काय होणार, असे त्याला वाटले. इंजिन ऐन गर्दीत बंद पडले. मेकॅनिकने फिल्टर उघडला, तर आत साबणाचा चिकट थर.

शंकरराव नवसीकडे वळले. "वजन वाढवायला बियांवर पाणी मारलंस ना?"

"देवाशपथ नाय, शेठ. खडखडीत वाळलेल्या व्हत्या. तुमीच हात घालून बघितल्या."

"श्याम, तू सांग. पाण्यानं असं होतं का?"

श्यामकांत म्हणाला, "तेलात पाणी असलं तर साबण होतो, हे खरं आहे."

वाक्य बिनचूक होते. रसायनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ते सापडेल. प्रश्नाचे उत्तर मात्र ते नव्हते, आणि हे तिथे एकट्या श्यामकांतला ठाऊक होते. खोटे बोलण्याचे धैर्य नसलेल्या शिकलेल्या माणसाला असत्यासाठी सत्य वापरता येते. त्याने तेच केले. शंकररावांनी वाडीच्या बिया घेणे बंद केले. बातमी उल्हासनगरला पोचली, आणि साबणवाल्यांनीही वाडीच्या पोत्यांच्या वजनातून 'पाण्याची घट' कापायला सुरुवात केली. वाडीतल्या बाया नवसीला दोष देऊ लागल्या. तिच्यामुळे सगळ्यांचे नाव गेले, असे त्यांचे म्हणणे.

श्यामकांत त्यानंतर गिरणीच्या रस्त्याने जाईना. कारखान्यात नमुने तपासताना तो एकच नमुना पुन्हा पुन्हा धुवू लागला. सहकारी हसत. पुढच्या उन्हाळ्यात, करंज पिकल्यावर, तो वाडीवर चढला. नवसी अंगणात शेंगा फोडत होती.

"मावशी, कसं असतं, तेलात पाणी राहिलं की सोड्याबरोबर..."

"तेलाचं ऱ्हाऊ दे. तू काय केलंस ते सांग."

त्याने सांगितले. तिचा हात थांबला नाही.

"मंग मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी केलं नाय, ते मला ठावं हाय. ज्यांना ठावं नाय, त्यांना सांग की."

तो उठू लागला, तशी ती म्हणाली, "एकला नको जाऊस. वाटेत तुझी बुद्धी फिरंल." ती पुढे निघाली, आणि वाडीतल्या चार-पाच बायांनाही तिने हाका मारून बरोबर घेतले.

गिरणीवर श्यामकांत म्हणाला, "इंधन मी धुतलं नव्हतं. बिया कोरड्या होत्या. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

शंकररावांनी इंजिन थांबवले. मग नवसीला म्हणाले, "अगं, तेव्हाच ठासून सांगायचंस."

"सांगितलं व्हतं, शेठ. तुमी त्याला इचारलंत."

शंकरराव बायांकडे वळले. "आणा बिया. घेतो."

बायांनी नवसीकडे पाहिले. "ह्या आणतील," ती म्हणाली. "मी नाय." आणि ती चढणीने वाडीकडे एकटीच निघाली. तिच्या मागे जावे की थांबावे, हे श्यामकांतला ठरवता आले नाही. बाया शंकररावांशी भाव बोलू लागल्या होत्या.