चाळीस मशीनींतलं नाव

दिघोरीचा अश्वजित लाखनीच्या एका कॉलेजात कम्प्युटरवाला म्हणून लागला, तेव्हा तिथं चाळीस मशीनी होत्या आणि चाळीस भानगडी. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा, मॉनिटरच्या बुडाशी चिकटवलेला. चिठ्ठी उडाली की काम बुडालं. अश्वजितनं दिवाळीच्या सुट्टीत डिरेक्टरी सर्व्हर बसवला. म्हणजे सगळ्यांची नावं अन् पासवर्ड एकाच ठिकाणी. माणूस कोणत्याही मशीनवर बसो, मशीन सर्व्हरले विचारते, हा आपला का? सर्व्हर हो म्हणाला की दार उघडतं.

या सगळ्यांवरचं एक मुख्य खातं लागतं. त्याले कोण्या माणसाचं नाव देऊ नका, असं सर्व्हरच्या पुस्तकात लिहून होतं. पण आमच्याकडं लग्नात पाणी भरायचा पितळेचा गुंड दिला तरी देणाऱ्याचं नाव कोरून देतात. बिननावाची वस्तू कोणाचीच नसते. अश्वजितनं दिलं ठोकून आपलं नाव. मशीनी, प्रिंटर, प्रवेशाचं सॉफ्टवेअर, सारं त्याच नावावर जोडलं. तेव्हा छाती फुगली होती गड्याची.

सात वर्षं गेली. पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा, हा नियमही त्याचाच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अर्धा स्टाफ सुट्टी टाकून बांधीतल्या चिखलात उतरायचा, तोवर पासवर्डची मुदत सरायची, अन् परत आला की सगळे दाराबाहेर.

"काहून भाऊ," चंद्रकांता क्लार्क कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आमी रोवणा लावाले गेलो, तं तुमच्या मशीननं आमाले घरातून काढलं का?"

"बसा बाई, घेतो तुमाले घरात," अश्वजित म्हणायचा. त्याच्याशिवाय कोणाले घेता येत नव्हतं.

त्याची बायको सरिता नागपूरले नर्स. पोरगी प्रतिक्षा तिच्याजवळ. हा रविवारचा बाप. यंदा नागपूरच्या एका दवाखान्यात त्याले पक्की नोकरी लागली. पंधरा जूनच्या आत हजर व्हायचं, अन् जुन्या जागेचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं.

"जा ना बा," प्राचार्य ताराचंद सर म्हणाले. "कोण धरून राहिलं तुले? फक्त तुह्यं नाव काढून मशीनी चालवून दाखव."

आठ दिवस खपून त्यानं नवं बिननावाचं खातं केलं, एकेक मशीन त्यावर वळवली. बारा तारखेले दुपारी, सगळ्यांसमोर, स्वतःचं खातं बंद केलं. मशीनी पटापटा उघडल्या.

"सुटले वो भाऊ!" चंद्रकांतानं टाळी वाजवली, अन् प्रवेशाची पावती काढाले बटन दाबलं. पावती निघाली नाही. पडद्यावर अक्षरं आली: वापरकर्ता सापडला नाही.

अश्वजितचं नाव त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच बसवलेलं होतं. बनवणारी कंपनी केव्हाचीच उठून गेली होती. खिडकीबाहेर रांग. बपेऱ्याहून दोन गाड्या बदलून आलेली पोरं कागद घेऊन उभी.

त्यानं नाव परत चालू केलं. पावत्या भराभर निघाल्या.

"सर, नाव राहू द्या इथं. पासवर्ड लिहून देतो. मी जातो."

"लिहून दे," सर थंडपणे म्हणाले. "उद्या कोणी त्या नावानं पोराचे मार्क बदलवले, तं पोलीस कोणाच्या घरी जाईन?"

अश्वजितनं काढलेला पेन परत खिशाले लावला.

"नवीन सॉफ्टवेअर कवा येते?"

"संस्थेले विचारा लागन. विचारू. तोवरी पत्र कसं देऊ?"

व्हरांड्यात येऊन त्यानं सरिताले फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलं होतं. मालक उद्या बयाना घ्याले येऊन राहिला. नाही म्हणू का त्याले?"

आतून चंद्रकांता हाका मारत होती.

"नाही म्हणून दे," अश्वजित म्हणाला, अन् आत गेला.