रागीट चेहरा

हुपरीच्या त्या मावशी मला दवाखान्यात दर मंगळवारी भेटतात. त्यांच्या नवऱ्याचं आणि माझ्या वडलांचं डायलिसिस एकाच दिवशी असतं. त्या हक्कानं माझ्या हातावर भाकरी ठेवतात. "खावा की! भांडायला ताकद नको?"

दाराशी टॅबलेट घेतलेला एक पोरगा असतो. सेवा आवडली तर त्याच्या काचेवरचा हसरा चेहरा दाबायचा, नाहीतर रागीट. जन्मभर पैंजण घडवून मावशींची बोटं इतकी राठ झालीत, की ती काच त्यांना दाद देत नाही. मग "मी दाबतो की" म्हणत तो पोरगाच हसरा चेहरा दाबून मोकळा होतो.

गेल्या मंगळवारी सुजल्या पायांच्या माणसांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मशीन बंद आहे, उद्या या, म्हणून सांगितलं. वर हा टॅबलेट घेऊन आडवा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उद्या परत इथंच यायचं होतं, म्हणून गप्प बसलो.

मावशींनी रागीट चेहऱ्यावर बोट दाबलं. काच ढिम्म.

"ऱ्हाऊ दे मावशी, मी दाबतो की."

"व्हय, तूच दाब!" म्हणत त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचंच बोट रागीट चेहऱ्यावर टेकवलं. मग मान माझ्याकडं वळवली.

"पावणं, तुमचंबी उरकून घ्या. बोट हाय अजून माझ्या हातात."